सोंग आणि साक्ष

तोंडाला काळं फासणं हा आपल्याकडे बेअब्रूचा वाक्प्रचार. बर्ट विल्यम्सचा तो रोजचा धंदा होता. १८७४ साली बहामा बेटांवरच्या नसाऊमध्ये जन्मलेला हा नट स्वतः काळा, पण वर्णाने उजळ. रंगमंचावर जाण्याआधी तो जळक्या बुचाची काजळी चेहऱ्याला फासायचा, ओठ रंगवून तोंड मोठं करायचा आणि अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या मजुराची बोली म्हणून प्रेक्षकांना जी माहीत होती ती बोलायचा. ती त्याला मुद्दाम शिकावी लागली होती. जॉर्ज वॉकर या जोडीदाराबरोबर तो १८९०च्या दशकात नावारूपाला आला, तेव्हा दोघांची जाहिरात 'अस्सल काळे' अशी व्हायची. जाहिरातीत 'काळे' या अर्थाने वापरलेला शब्द मात्र शिवीचा होता. असं का, तर तोपर्यंत गोऱ्या नटांनी काळ्यांची सोंगं आणून बाजार भरून टाकला होता. खऱ्या काळ्या माणसाला त्या बाजारात गाळा हवा असेल तर गोऱ्याने बेतलेलं सोंग गोऱ्यापेक्षा चांगलं वठवायचं, आणि वर शपथेवर सांगायचं की हे सोंग नाही, हा मीच.

अमेरिकेतला काळा तरुण आणि तिथली लोकप्रिय संस्कृती यांच्या नात्यावरचे लेख या संग्रहात एकत्र केले आहेत. विषय फार पसरट आहे. त्यात सिनेमा येतो, गाणी येतात, बास्केटबॉल आणि बूट येतात, दूरदर्शन मालिका, केशकर्तनालयातल्या गप्पा आणि आता खिशातला मोबाइल येतो. तरी संपादन करताना मला पुन्हा पुन्हा बर्ट विल्यम्सच्या आरशासमोर जाऊन उभं राहावं लागलं.

आपल्याकडे बहुरूपी पोलिसाचा वेष करून दारात येतो, दरडावतो, वॉरंट काढतो. आपण हसतो आणि चार पैसे हातावर ठेवतो. तमाशातला सोंगाड्या पाटलाची टिंगल करतो तेव्हा समोर बसलेला पाटीलही हसतो, निदान हसल्यासारखं करतो. सोंग आणणारा आणि ते बघणारा यांच्यात न बोलता झालेला एक करार असतो. अमेरिकेतल्या काळ्या तरुणाच्या बाबतीत बघणाऱ्याने हा करार क्वचितच पाळला आहे. त्याने सोंग आणलं की ती साक्ष समजली जाते. तो गाण्यात 'मी' म्हणाला की तो कबुलीजबाब ठरतो. गोऱ्या कवीला, गायकाला, नटाला कल्पनेचा जो हक्क जन्मतः मिळतो, तो याला मागूनही मिळत नाही. लोकप्रिय संस्कृतीने या तरुणाचं काय केलं, हा प्रश्न मला या हक्काच्या बाजूने विचारावासा वाटतो.

तो सहसा तसा विचारला जात नाही. 'रॅप ऐकून पोरं बिघडतात का?' हे त्याचं नेहमीचं रूप. मला ते कंटाळवाणं वाटतं. आपल्याकडे तमाशाबद्दल, मग सिनेमाबद्दल हेच विचारून झालं आहे, आणि उत्तर नेहमी विचारणाऱ्याच्या वयावरून ठरत आलं आहे.

मुळापासून सांगायचं तर १८३०च्या सुमाराला जावं लागतं. थॉमस राइस नावाचा गोरा नट तोंड काळं करून 'जिम क्रो' नावाच्या पात्राचा नाच करू लागला आणि त्याने धमाल उडवून दिली. १८४०च्या दशकात अशा नटांचे फड उभे राहिले. हे 'मिन्स्ट्रेल' खेळ हा अमेरिकेतला पहिला खऱ्या अर्थाने देशव्यापी करमणुकीचा धंदा होता. आळशी, हसरा, गाणारा, मालकावर जीव टाकणारा गुलाम हे त्यातलं एक पात्र. शहरात येऊन उंची कपडे घालणारा, मोठमोठे शब्द चुकीचे वापरणारा छानछोकीबाज हे दुसरं. पुढे दक्षिणेत काळ्यांना वेगळं ठेवणारे जे कायदे झाले त्यांना लोकांनी जिम क्रोचंच नाव दिलं. नाचातल्या पात्राचं नाव कायद्याला मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

गुलामगिरी संपल्यावर आणखी एक पात्र पुढे आलं. हसरा गुलाम आता मोकळा झाला होता, म्हणजे भीतिदायक झाला होता. या पात्राचा कळस म्हणजे डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा १९१५ चा 'द बर्थ ऑफ अ नेशन'. त्यात गोऱ्या मुलीचा पाठलाग करणारा काळा सैनिक आहे, आणि ती भूमिका काजळी फासलेल्या गोऱ्या नटाने केली आहे. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी हा चित्रपट व्हाइट हाउसमध्ये पाहिला. त्याच वर्षी जॉर्जियातल्या स्टोन माउंटनवर कू क्लक्स क्लॅनचं पुनरुज्जीवन झालं. आता याच्या शेजारी दुसरी एक फिल्म ठेवा. ४ जुलै १९१० रोजी रीनो शहरात जॅक जॉन्सन या काळ्या मुष्टियोद्ध्याने जिम जेफ्रिजला हरवलं. त्या लढतीचं चित्रण झालं होतं. ते दाखवायला अनेक शहरांनी बंदी घातली, आणि १९१२ मध्ये अमेरिकी संसदेने मुष्टियुद्धाच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावरच बंदी आणली. खऱ्या काळ्या माणसाचा खरा विजय पडद्यावर नको होता, आणि खोट्या काळ्या माणसाचा खोटा गुन्हा इतिहास म्हणून चालला. पुढची शंभर वर्षं समजून घ्यायला या दोन फिल्म पुरेशा आहेत असं मला कधी कधी वाटतं.

या चित्रांचा ज्यांची ती काढली त्यांच्या मनावर काय परिणाम होतो? काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०३ मध्येच त्याला दुहेरी जाणिवेचं नाव दिलं. माणूस स्वतःकडे सतत दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहत राहतो, आणि ते डोळे त्याला हसत असतात. फ्रान्झ फॅनन मार्टिनिकचा, फ्रेंच लिहिणारा. १९५२ च्या पुस्तकात त्याने चित्रपटगृहातला एक अनुभव सांगितला आहे. अंधारात बसलेला तो स्वतःचीच वाट बघत असतो. आता पडद्यावर कोणीतरी काळा नोकर येईल आणि आजूबाजूचे लोक आपल्याकडे वळून बघतील. त्याच वर्षी राल्फ एलिसनची 'इन्व्हिजिबल मॅन' ही कादंबरी आली. तिच्यातला नायक अदृश्य आहे, कारण त्याच्याकडे बघणारे त्याला सोडून बाकी सगळं बघतात.

उलट बाजूही लवकर सुरू झाली होती. ऑस्कर मिशो या काळ्या दिग्दर्शकाने १९२० मध्ये 'विदिन अवर गेट्स' काढून ग्रिफिथला पडद्यावरच उत्तर दिलं. १९५५ मध्ये मिसिसिपीत मारल्या गेलेल्या चौदा वर्षांच्या एमेट टिलचं छिन्नविच्छिन्न शव त्याच्या आईने उघड्या पेटीत ठेवलं, आणि 'जेट' साप्ताहिकाने छायाचित्र छापलं. त्या वयाची काळी मुलं ते छायाचित्र घेऊन वाढली. १९६६ मध्ये ओकलंडला ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला तेव्हा काळं जाकीट, तिरकी टोपी आणि हातातली बंदूक यांना कार्यक्रमपत्रिकेइतकंच महत्त्व होतं. आपण कसे दिसतो यावरून आपल्याला गोळी घालायची की नाही हे ठरतं, ही गोष्ट पँथर तरुणांना पक्की कळली होती. म्हणून त्यांनी दिसण्याचाच ताबा घेतला.

पाच वर्षांत हॉलिवूडने ते जाकीट उचललं. १९७१ मध्ये मेल्विन व्हॅन पीबल्सने स्वतःचे आणि उसने पैसे घालून पोलिसांना चकवून पळणाऱ्या काळ्या नायकाचा चित्रपट काढला. न्यूटनने तो क्रांतिकारक म्हणून गौरवला आणि 'एबनी' मासिकात लेरोन बेनेट यांनी त्यावर सडकून टीका केली. त्याच साली 'शाफ्ट' आला, पुढच्या वर्षी कोकेन विकणारा नायक घेऊन 'सुपर फ्लाय'. या लाटेला 'ब्लॅक्सप्लॉयटेशन' हे तुच्छतेचं नाव काळ्यांच्याच चळवळीतून मिळालं. वाद तेव्हापासून आजवर जवळपास त्याच शब्दांत चालू आहे. एक पक्ष म्हणतो, निदान आमचा माणूस शेवटच्या रिळापर्यंत जिवंत तरी राहतो. दुसरा विचारतो, पण तो राहतो कोण म्हणून?

मग हिप-हॉप. इथे जरा थांबायला हवं.

११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १५२० सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीच्या सामाईक खोलीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळा सुरू होण्याआधी एक पार्टी ठेवली. जमैकाहून आलेला तिचा भाऊ क्लाइव्ह तबकड्या वाजवत होता. गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा आला की नाचणारी मुलं पेटतात हे त्याच्या ध्यानात आलं होतं. पुढे तो एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तो तुकडा लांबवत न्यायला लागला. वर मायक्रोफोनवरून यमकं जुळवत आरोळ्या. महामार्ग मधून काढल्याने फुटलेली वस्ती, जळालेल्या इमारती, नोकऱ्या नाहीत. पण क्लाइव्हचा कूल हर्क झाला, जोसेफ सॅडलरचा ग्रँडमास्टर फ्लॅश झाला. हर्क म्हणजे हर्क्युलिस! स्वतःचं नाव स्वतः ठेवणं हे या कलेतलं पहिलं सोंग, आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर. ज्यांच्या पूर्वजांना नावं मालकाने दिली होती ती मुलं राजांची आणि देवांची नावं घेऊ लागली.

मराठीत 'लोकसंस्कृती' आणि 'लोकप्रिय संस्कृती' हे दोन शब्द आपण निष्काळजीपणे एकमेकांच्या जागी वापरतो. हिप-हॉपने एकातून दुसरीत जायला सहा वर्षं घेतली. १९७९ मध्ये 'रॅपर्स डिलाइट'ची तबकडी विकायला आली आणि गल्लीतली गोष्ट दुकानात गेली. १९८२ च्या 'द मेसेज'मध्ये वस्तीतलं जगणं आलं. १९८६ मध्ये रन-डीएमसी यांनी आदिदासच्या बुटांवर गाणं केलं आणि कंपनीने त्यांच्याशी करार केला. त्याच्या आदल्या वर्षी नायकीने मायकेल जॉर्डनच्या नावाचा बूट काढला होता. तरुणाची प्रतिष्ठा पायात जाऊन बसली.

१९८८ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधून एन.डब्ल्यू.ए. या पाच-सहा पोरांच्या गटाचा पहिला गाजलेला अल्बम आला. पोलिसांवरच्या त्यांच्या गाण्याबद्दल १९८९ मध्ये एफबीआयच्या अधिकाऱ्याने रेकॉर्ड कंपनीला नाराजीचं पत्र पाठवलं. गटातला आइस क्यूब हा मुख्य लेखक. अल्बम येण्याआधी तो फिनिक्समध्ये वास्तुरेखनाचा अभ्यासक्रम करत होता. ते लोक आपल्या गाण्यांना वास्तवाचं वार्तांकन म्हणत. म्हणजे बर्ट विल्यम्सची जाहिरात पुन्हा आली: हे सोंग नाही, हे खरं. फरक असा की यावेळी पोरांना त्या शब्दामागे लपून काही खरंही सांगता आलं. पोलिसांच्या मारहाणीबद्दल ते जे ओरडत होते ते १९९१ मध्ये रॉडनी किंगच्या चित्रफितीत साऱ्या जगाने पाहिलं.

त्याच १९९१ साली आणखी एक गोष्ट घडली. ती कोरडी वाटेल, पण मला निर्णायक वाटते. तोपर्यंत गाण्यांच्या विक्रीची क्रमवारी दुकानदारांना विचारून ठरायची. आता दुकानातल्या संगणकावरून प्रत्यक्ष विक्री मोजली जाऊ लागली, आणि थोड्याच आठवड्यांत एन.डब्ल्यू.ए.चा पुढचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. उपनगरांतली गोरी मुलं मोठं गिऱ्हाईक आहेत हे उद्योगाला दिसलं. गिऱ्हाइकाला काय हवं होतं? वस्तीत पाऊल न ठेवता वस्तीची भीती. त्यानंतर वकील व्हायची स्वप्नं बघणाऱ्या काळ्या मुलाच्या गाण्याला बाजार उरला नाही असं मी म्हणणार नाही, पण त्याला भाव कमी आला.

रॅपर टुपाक शकूर या बाजाराच्या मधोमध सापडला. आई अफेनी ब्लॅक पँथर. खटल्यातून ती निर्दोष सुटली आणि महिन्याभरात, जून १९७१ मध्ये, हा जन्मला. बाल्टिमोरच्या कलाशाळेत त्याने अभिनय शिकला, बॅले केला, 'नटक्रॅकर'मध्ये उंदरांचा राजा झाला. सप्टेंबर १९९६ मध्ये लास व्हेगासमध्ये गोळ्या लागून तो गेला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. त्याच्याबद्दल बोलताना लोक दोन गट करतात: खरा टुपाक बॅलेवाला, की खरा टुपाक गुंड? हा प्रश्नच मला चुकीच्या दारातून आत आल्यासारखा वाटतो. ज्याला अभिनयाचं शिक्षण मिळालं होतं त्याने एक भूमिका केली. ती त्याला मध्यंतरात उतरवता आली नाही, कारण बघणाऱ्यांनी मध्यंतरच केलं नाही.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपण म्हणतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीच्या रॅप व्हिडिओंनी तेही आणून दाखवलं. भाड्याच्या गाड्या, उसने दागिने. यावर जास्त लिहीत नाही. लेखांत भरपूर आहे.

या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांचे आता निरनिराळे घाट झाले आहेत, आणि ते एकमेकांचं पाणी पितातच असं नाही. पहिला घाट प्रतिमांची मोजदाद करणाऱ्यांचा. डोनल्ड बोगल यांनी १९७३ मध्ये हॉलिवूडमधल्या काळ्या पात्रांचे ठसे वेगळे काढून दाखवले. मार्लन रिग्ज यांच्या 'एथ्निक नोशन्स' या माहितीपटाने तेच खेळणी, डबे, पोस्टकार्डं यांतून केलं. काम मोलाचं, पण त्यातून 'वाईट प्रतिमा जाऊन चांगल्या येऊ द्या' अशी मागणी निघते, आणि १९८४ मध्ये 'द कॉस्बी शो' आल्यावर ती पुरी झाल्यासारखी वाटली: डॉक्टर बाप, वकील आई, टापटीप घर. या आदर्श बापाने २००४ मध्ये गरीब काळ्या पोरांना त्यांच्या कपड्यांवरून, नावांवरून जाहीर झापलं. पुढे त्याच नटावर अनेक स्त्रियांनी लैंगिक अत्याचाराचे आरोप केले. २०१८ मध्ये तो दोषी ठरला आणि २०२१ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला. चांगली प्रतिमा हेही एक सोंगच होतं, आणि तेही लोकांनी साक्ष म्हणून घेतलं होतं.

दुसरा घाट समाजशास्त्राचा. १९६५ च्या मॉयनिहन अहवालाने काळ्या कुटुंबाच्या मोडतोडीवर बोट ठेवलं आणि त्यानंतर कित्येक वर्षं काळा तरुण हा 'समस्या' म्हणूनच अभ्यासला गेला. १९९२ मध्ये रिचर्ड मेजर्स आणि जॅनेट मॅन्सिनी बिल्सन यांनी 'कूल पोझ' ही कल्पना मांडली. चालण्यातली ऐट, थंड चेहरा, तोलून बोलणं हे अपमानाविरुद्धचं चिलखत आहे, आणि ते चिलखत घरातही काढता आलं नाही तर जवळची माणसं दुरावतात, असं त्यांचं म्हणणं. रॉबिन केली यांनी १९९७ मध्ये या सगळ्या परंपरेला चिमटा काढला. काळी पोरं एकमेकांच्या आयांवरून यमकबद्ध शिव्यांची जुगलबंदी खेळतात. आपल्या कलगीतुऱ्याची वात्रट चुलत भावंडं म्हणा. विद्वानांनी वह्या उघडल्या आणि त्या शिव्यांतून कुटुंबव्यवस्थेबद्दलचे निष्कर्ष काढले. पोरांना मजा येत होती, ही शक्यता कोणाच्या टिपणात आलीच नाही.

तिसरा घाट सांस्कृतिक अभ्यासाचा. जमैकात जन्मून ब्रिटनमध्ये काम केलेले स्टुअर्ट हॉल हे त्याचे मोठे पुरुष. अमेरिकेत ट्रिशिया रोझ यांचं १९९४ चं 'ब्लॅक नॉइज' हिप-हॉपच्या अभ्यासाचा पाया मानलं जातं. लोकप्रिय संस्कृती ही निव्वळ फसवणूक नाही आणि निव्वळ बंडही नाही, तिथे ओढाताण चालते, असं ही मंडळी दाखवतात. मला हा घाट जवळचा वाटतो. मात्र इथल्या काही लेखकांना प्रत्येक टोपीच्या कोनात प्रतिकार दिसतो, तेव्हा मी पान उलटतो.

काळ्या स्त्रीवादी लेखिकांनी या सगळ्यांना जमिनीवर आणलं. बेल हुक्स यांनी २००४ च्या पुस्तकात म्हटलं ते थोडक्यात असं: काळ्या पुरुषाने पितृसत्तेची व्याख्या गोऱ्याकडून उसनी घेतली आणि तिच्यात नापास होण्याचं दुःख घरातल्या बाईवर काढलं. त्याच वर्षी अटलांटातल्या स्पेलमन या काळ्या स्त्रियांच्या महाविद्यालयात रॅपर नेलीच्या संस्थेचं अस्थिमज्जादात्यांच्या नोंदणीचं शिबिर व्हायचं होतं. त्याची बहीण रक्ताच्या कर्करोगाने आजारी होती. विद्यार्थिनींचं म्हणणं, शिबिर घ्या, पण तुमच्या व्हिडिओत आमच्यासारख्या मुलींना जसं दाखवलं आहे त्याबद्दल आधी आमच्याशी बोला. शिबिर रद्द झालं. या प्रसंगात कोण बरोबर याचं उत्तर मी अजून शोधतो आहे. सोंगाचा हक्क मागणाऱ्याने सोंगात ज्यांना नाचवलं त्यांना काय उत्तर द्यायचं, हा माझ्या धाग्यातला सगळ्यात अवघड पीळ आहे. समलिंगी काळ्या पुरुषांचा आवाज रिग्ज यांनी १९८९ च्या 'टंग्ज अनटाइड'मधून आणला. २०१६ च्या 'मूनलाइट'ला ऑस्कर मिळायला मधे सत्तावीस वर्षं गेली.

हे सगळं आज मराठीत कशाला? कारण सोंगाचा प्रश्न आता न्यायालयात उभा आहे. न्यू ऑर्लिन्सचा रॅपर मॅक फिप्स २००१ मध्ये मनुष्यवधाच्या आरोपाखाली दोषी ठरला. खटल्यात सरकारी वकिलाने त्याच्या गाण्यांतले शब्द ज्यूरीला ऐकवले. शिक्षा तीस वर्षं; तो २०२१ मध्ये सुटला. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा पुराव्याला लगाम घातला. शेरिफला गोळी घातल्याचं गाणं म्हणणाऱ्या बॉब मार्लीने ती खरंच घातली असं कोणी मानत नाही, हे न्यायमूर्तींना निकालपत्रात लिहावं लागलं. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये त्यासाठी कायदाच केला. त्याच वर्षी अटलांटात रॅपर यंग थगवर आरोपपत्र दाखल झालं आणि त्यात पुन्हा गाणी होती. कॅरी फ्रीड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या दशकात केलेला साधा प्रयोग इथे आठवतो. एका जुन्या लोकगीतातल्या हिंसक ओळी त्यांनी काही लोकांना कंट्री गाण्याच्या म्हणून दिल्या, काहींना रॅपच्या म्हणून. शब्द तेच. रॅप म्हणून वाचणाऱ्यांना त्या जास्त धोकादायक वाटल्या.

मोबाइलने करार आणखी मोडला. शिकागोतल्या ड्रिल संगीताच्या पोरांबरोबर राहून फॉरेस्ट स्टुअर्ट यांनी २०२० मध्ये पुस्तक लिहिलं. पडद्यावर क्रूर दिसणाऱ्या कित्येकांचं क्रौर्य बेतलेलं, हत्यारं उसनी. पण ते पाहणाऱ्यांत पोलीसही असतात आणि शेजारच्या गल्लीतले शत्रूही, आणि दोघेही ते खरं धरतात. अशी भीती मोबाइलच्या कितीतरी आधीची. शिकागो विद्यापीठात शिकत असताना ब्रेंट स्टेपल्स हे काळे लेखक रात्री रस्त्याने जाताना विवाल्डीच्या सुरावटी शिट्टीवर वाजवायचे, समोरून येणाऱ्या गोऱ्यांनी घाबरू नये म्हणून. फ्लोरिडातल्या सॅनफर्डला २६ फेब्रुवारी २०१२ च्या पावसाळी संध्याकाळी सतरा वर्षांच्या ट्रेव्हॉन मार्टिनने डोक्यावर नुसती हुडी ओढली होती. त्याला मारल्यावर दूरदर्शनवर चर्चा झाली ती त्या हुडीची.

आपला या विषयाशी संबंध जुना आहे आणि तो हिप-हॉपच्या आधीचा आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन काळ्यांच्या साहित्याची ओळख मराठीला करून दिली. आता धारावीची पोरं रॅप करतात आणि 'गली बॉय'मुळे ते पुण्या-नाशिकच्या दिवाणखान्यांतही पोचलं आहे. जात म्हणजे वंश नव्हे, हे मी लेखकांना वारंवार बजावलं. ओढून आणलेली तुलना दोन्ही बाजूंना पोकळ करते. पण एक साम्य टाळता येत नाही. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ मध्ये आलं तेव्हापासून आपल्या समीक्षेने दलित आत्मकथनांना 'दाहक वास्तव', 'सामाजिक दस्तऐवज' अशी पदकं दिली, आणि त्यातल्या वाक्याच्या घडणीकडे, निवेदनातल्या चातुर्याकडे उशिरा पाहिलं. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ला प्रस्तावना लिहिण्याआधी विजय तेंडुलकर कवीबरोबर ती वस्ती पाहून आले. त्यांचा प्रामाणिकपणा वादातीत आहे, पण कवितेआधी जागेचा पंचनामा करावासा वाटणं ही आपल्या सगळ्यांचीच सवय. शहरी मध्यमवर्गावरच्या कवितेसाठी कोणी प्रस्तावनाकार सदाशिव पेठेत फिरून आल्याचं ऐकिवात नाही.

म्हणून या संग्रहात मी लेखकांना एकच आग्रह केला: आधी कलाकृती, मग समाज. गाणं कसं बांधलं आहे, चालीत आवाज कुठे मागे खेचला आहे, नटाने पाठ केव्हा फिरवली, हे पाहा. त्या मुलाचं आयुष्य त्यातून लगेच वाचू नका. सगळ्यांना ते जमलं असं नाही. दोन लेखांत बेकारीच्या आकड्यांनी गाण्याला झाकून टाकलं आहे, आणि एका लेखकाने माझं म्हणणं सपशेल अमान्य केलं: ज्याच्या दाराशी पोलीस उभे आहेत त्याला कल्पनास्वातंत्र्याची चैन कसली, असं त्यांनी लिहिलं. तो लेख मी मुद्दाम पहिला ठेवला आहे. इथे ब्रिटन आणि कॅरिबियन बेटं ओझरती आली आहेत, ब्राझील आलंच नाही.

शब्दांविषयी. 'निग्रो' हा शब्द जुन्या ग्रंथांच्या नावांत असेल तिथेच ठेवला आहे. 'कृष्णवर्णीय' सभ्य आहे, पण दाराबाहेर चप्पल काढून उभा राहिल्यासारखा वाटतो. १९६० च्या दशकात त्या लोकांनी स्वतःच 'ब्लॅक' हा शब्द उचलून अभिमानाचा केला, तेव्हा आम्ही 'काळा' लिहिलं आहे. मराठी कानाला तो खटकेल, पण तो खटका मराठी कानाचा आहे.

एका शब्दावर मात्र आमचे पंधरा दिवस गेले. संग्रहाच्या मध्यभागी मेम्फिसच्या संपाचं छायाचित्र आहे. १ फेब्रुवारी १९६८ रोजी कचरागाडीच्या दाबयंत्रात सापडून दोन काळे सफाई कामगार मेले आणि सुमारे तेराशे कामगार संपावर गेले. २८ मार्चला ते रांगेत उभे आहेत, प्रत्येकाच्या हातात फलक, त्यावर 'मी मॅन आहे' अशा अर्थाचं एकच वाक्य. गोरे लोक साठीच्या काळ्यालाही 'बॉय' म्हणायचे, त्याला हे उत्तर. हे छायाचित्र घेणारे अर्नेस्ट विदर्स स्वतः काळे. ते एफबीआयला माहिती पुरवत होते असं २०१० मध्ये उघड झालं. पण आमची अडचण वेगळी होती. इंग्रजीत 'मॅन' म्हणजे माणूसही आणि पुरुषही. मराठीत एकाची निवड करावीच लागते. 'माणूस' लिहिलं तर ज्या पौरुषावर हा संपूर्ण संग्रह आहे ते निसटतं. 'पुरुष' लिहिलं तर त्यांच्या बायका, ज्या त्याच संपात घर चालवत होत्या, चौकटीबाहेर जातात. एका सहकाऱ्याने 'गडी' सुचवला. तो घरकाम करणाऱ्याला लागतो म्हणून बाद झाला. 'मर्द' म्हटल्यावर सगळे हसले. शेवटी छायाचित्राखाली ओळ दिलेली नाही. फलकांवरची अक्षरं पुरेशी मोठी आहेत.